एअर पिस्तुलाच्या सिलिंडरची रिंग सारखी फाटते, वॉरंटीत नेमकं मागायचं काय?

दिंडोरीचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. पोरगी दहावीला आहे, नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. मी द्राक्षवाला. नेमबाजीतलं मला तिनं जेवढं शिकवलं तेवढंच येतं. गेल्या हंगामात माल बरा गेला म्हणून तिला स्वतःचं पिस्तूल घेऊन दिलं. परदेशी बनावटीचं आहे, दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालतं, ट्रिगर मेकॅनिकल. किंमत इथं लिहीत नाही, आमच्या घरातले पण हे वाचतात.

अडचण एकच आहे, पण ती पिच्छा सोडत नाही. सिलिंडर पिस्तुलाला आट्यांवर बसतो, त्याच्या तोंडाशी एक काळी रिंग आहे. ती रिंग जाते. नवी बसवली की दीड-दोन महिने काही तक्रार नसते. मग बारीक फुसफुस सुरू होते. संध्याकाळी २०० बार दाबानं भरून मुद्दाम पिस्तुलाला लावून ठेवला की सकाळी काटा दीडशेच्या खाली. पुढं पुढं तर सराव चालू असताना शेजारच्या लेनवाल्यालाही आवाज ऐकू जातो, आणि पोरीचं लक्ष छर्ऱ्यापेक्षा त्या आवाजाकडंच.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला की ते म्हणतात, 'सिलिंडर पाठवा.' आम्ही रिकामा करून पाठवतो, ते नवी रिंग टाकून वॉरंटीत फुकट परत पाठवतात, सोबत 'टेस्ट ओके'ची चिठ्ठी. माणसं बोलायला गोड आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कारण विचारलं की दर खेपेला नवीन. आधी म्हणाले पोरगी सिलिंडर फार आवळते. मग म्हणाले रेंजवर धूळ आहे. पावसाळ्यात म्हणाले तुमच्या नाशिकची हवा ओली.

माझ्याकडं फवारणीचा ब्लोअर आहे, त्याच्या पंपाच्या रिंगा, वायसर मीच बदलतो. एकच रिंग सारखी जायला लागली तर खोट रिंगेत नसते, एवढं आम्हा शेतकऱ्यांनाही कळतं. पण हा दोनशे बारचा मामला, हात घालायची छाती होत नाही. वॉरंटी बागेच्या एप्रिलातल्या खरड छाटणीच्या आधी संपतेय. ती संपली की हीच गोड माणसं बिल लावतील. तर जाणकारांनो, दोष कुठं शोधायचा आणि त्यांच्याकडं मागायचं काय?

सिडको_शूटर९

काका, माझ्या जुन्या पिस्तुलाला असंच व्हायचं. रिंगेला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, मऊ राहते आणि सिलिंडरही गुळगुळीत फिरतो. खर्च शून्य.

देवळाली_आर्मोरर

सिडकोवाले, तो सल्ला मागे घ्या. रागावून नाही, काळजीनं सांगतोय. दोनशे बारची हवा अरुंद जागेत एकदम शिरली की दबून तापते. तिथं खनिज तेल असेल तर पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिन चालतं ते याच तत्त्वावर, तिथं तरी कुठं ठिणगीचा प्लग असतो? उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत मशीनचं तेल नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही, गाडीचं ग्रीस तर नाहीच नाही. कंपनीनं जे सिलिकॉन ग्रीस सांगितलं असेल ते, तेही बोटाला जेमतेम चमक येईल इतकंच.

आता बागायतदार भाऊ, तुमच्याकडं वळतो. माझी हयात फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, आता देवळाली कॅम्पात घरीच असतो आणि पोरांची पिस्तुलं बघतो. सुटा भाग बदलणं हे दुरुस्तीतलं सगळ्यात सोपं काम. तो का मेला हे त्याच्या मढ्यावरून वाचायचं असतं. म्हणून आधी मला एवढं सांगा.

पिस्तुलासोबत सिलिंडर दोन आले होते का? आले असतील तर दोन्हीची रिंग जाते की एकाचीच?

सिलिंडर भरून, पिस्तुलाला न लावता, रात्रभर नुसता ठेवला तर काटा उतरतो का? हे बघताना थंडीचा हिशेब धरा. दुपारी तीस अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर पहाटे दहा अंशांवर गेला की एक फुंकर बाहेर न जाताही बारा-तेरा बार कमी दाखवतो. तुमच्या दिंडोरी-निफाडकडं डिसेंबरात पारा त्याच्याही खाली जातो. आणि घाईनं भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो, तो निवला की काटा आपोआप थोडा बसतो. त्याला गळती म्हणायचं नाही. तुमची पन्नास बारची घट मात्र गळतीच आहे, त्यात वाद नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाटलेली जुनी रिंग जपून ठेवली आहे का? असेल तर भिंगाखाली धरा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिहा. अंदाज नको.

रिंग काढताना सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर वापरायचा नाही. लाकडी दातकोरणं घ्या. धातूच्या टोकानं खोबणीला ओरखडा गेला की त्या ओरखड्यातून हवा जाते आणि मग कितीही रिंगा बदला. सिलिंडर काढलेला, पिस्तुलात छर्रा नाही, नळी भिंतीकडं, एवढं झाल्यावरच पुढचं.

दिंडोरीचा_बागायतदार

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं करून पाहिलं. लिहायला उशीर झाला, बागेत डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, चालू होतं.

सिलिंडर दोन आहेत आणि दोन्हीची रिंग जाते. सुटा सिलिंडर दोन रात्री कपाटात ठेवला, काटा जागचा हलला नाही. पिस्तुलाला लावला की गळती.

जुन्या रिंगा पोरीनं छर्ऱ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवल्या होत्या, बरं झालं. सराफ बाजारात आमच्या ओळखीचे एक सोनार आहेत, त्यांच्याकडं नेल्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्यांदा विचारलं, 'हे कशानं सोललंय?' मग मीही पाहिलं. रिंग एका जागी तुटलेली नाही. बाहेरच्या अंगानं, पुढच्या कडेला, सबंध गोलाला एक सपाट पट्टी गेलेली आहे. काकडीची साल काढावी तशी. त्या पट्टीच्या कडेला रबराचा केसाएवढा धागा लोंबत होता, सोनारानं चिमट्यात धरून दाखवला. आतल्या अंगाला रिंग अगदी नव्यासारखी, गोल आणि चकचकीत. दुसऱ्या रिंगेचंही तेच. तिसरीला पट्टी अर्ध्याच गोलाला आहे, पण ती आम्ही लवकर काढली होती.

पोरगी रोज सराव संपला की सिलिंडर काढून ठेवते. कोचसरांनी तशी सवय लावलीय.

देवळाली_आर्मोरर

शाब्बास. सोनाराला माझा रामराम सांगा.

आता ही रिंग काय बोलतेय ते ऐका. दाब जास्त आणि रबर मऊ पडलं असतं तर ती फटीत घुसून कड कुरतडल्यासारखी दिसली असती. जुनाट झाली असती तर ताणल्यावर आडव्या बारीक भेगा दिसल्या असत्या. बरेच दिवस दबून राहिली असती तर गोलाई जाऊन चपटी झाली असती. चुकीचं ग्रीस लागलं असतं तर फुगून खोबणीत मावली नसती. यातलं तुमच्याकडं काहीच नाही. तुमच्याकडं आहे ती साल निघालेली, बाहेरच्या अंगानं आणि सबंध गोलाला.

दोष सिलिंडरच्या खोबणीत असता तर तो रिंगेसोबतच फिरला असता, म्हणजे रिंग एकाच जागी आणि आतून कापली गेली असती. इथं रिंग फिरते आणि कापणारी धार जागच्या जागी स्थिर आहे. फिरत्या रिंगेला स्थिर धारेनं सबंध गोल सोललाय. म्हणजे ती धार पिस्तुलाच्या अंगात आहे, सिलिंडर जिथं शिरतो त्या भोकात. दोन वेगळ्या सिलिंडरांची तीच गत होते, हा दुसरा पुरावा.

आणि म्हणूनच त्यांची चिठ्ठी 'टेस्ट ओके' येते. ते खोटं बोलत नाहीत. तुम्ही नुसता सिलिंडर पाठवता, ते नवी रिंग घालून त्यांच्याकडच्या पिस्तुलावर किंवा जिगवर, म्हणजे तपासणीच्या साच्यावर, लावतात, तिथं ती गळायचं कारणच नाही. आजारी पिस्तूल दिंडोरीत आणि तपासणी सिलिंडरची! समजा तुमच्याच पिस्तुलावर लावलं असतं तरी पहिल्या बसवणीत गळलं नसतं. रोज काढ-घाल होते, रोज कणभर रबर जातं, म्हणून दीड-दोन महिने निघतात.

पोरीच्या आवळण्याचा इथं संबंध नाही. सिलिंडर हातानं टेकेपर्यंत बसवायचा, पुढं पकड लावून कसायचा नाही, बस. दाब अडवायचं काम रिंगेचं, आवळण्यानं त्यात भर पडत नाही. सराव संपल्यावर सिलिंडर काढायचा की लावलेला ठेवायचा हे तुमच्या पिस्तुलाचं मॅन्युअल काय म्हणतं त्यावर ठरवा.

सातपूर_लेथवाला

आर्मोरर काकांशी शंभर टक्के सहमत. आमचं कामच हे. सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिकचे भाग बनवतो. जिथं रिंग भोकात शिरते तिथं तोंडाशी तिरकी कड द्यावी लागते, पंधरा-वीस अंशांची, म्हणजे रिंग हळूहळू दबत आत जाते. त्याला आम्ही लीड-इन म्हणतो. ती कड द्यायची राहिली, किंवा दिली पण आटे पाडल्यावर तिथली बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धारदार कड, काढली नाही, की रिंग सोलून निघणारच. तुमच्या पिस्तुलात आटे संपतात आणि गुळगुळीत भोक सुरू होतं, त्या सांध्यावर बघा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. धार असली तर चमकती रेघ दिसेल. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून आतून हळू फिरवा, धागे जिथं अडकतील तीच जागा.

खरं सांगायचं तर माझ्या लेथवर हे दहा मिनिटांचं काम आहे. पण मी करणार नाही आणि तुम्हीही कोणाकडून करून घेऊ नका. एकदा बाहेरच्यानं तिथं हत्यार लावलं की वॉरंटी गेली, आणि समोरच्याला आयतं निमित्त मिळालं. शिवाय ते अल्युमिनियम असलं तर वरचा ॲनोडाइझचा संरक्षक थर निघतो.

रिंगेबद्दल थोडं. अंबडला, सातपूरला ही रिंग, म्हणजे ओ-रिंग, दुकानात पाच-दहा रुपयांना मिळते, पण ती बहुतेक ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राईल रबराची असते. एवढ्या दाबाला बरेच बनवणारे ९० शोअरची घालतात. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. मापही जुनी रिंग मोजून घेऊ नका, ती ताणली-फुगलेली असते. आतला व्यास आणि जाडी मॅन्युअलच्या सुट्या भागांच्या यादीत बघा. वॉरंटी असेपर्यंत मात्र त्यांचीच रिंग वापरा, पाच रुपयांसाठी वाद ओढवून घेऊ नका.

आणखी एक. ते म्हणतील की तुम्हीच आटे चुकवून सिलिंडर घातला, त्यानं कड खराब झाली. म्हणून पिस्तूल पाठवायच्या आधी दोन्ही सिलिंडरांच्या आट्यांचे जवळून फोटो काढा. आटे चुकले असते तर पहिल्या-दुसऱ्या आट्याचा माथा चेपलेला दिसला असता.

दिंडोरीचा_बागायतदार

लेथवाले दादा, कापूस अडकला! दोनदा फिरवला, दोन्ही वेळा एकाच बाजूला, साधारण घड्याळात चारचा आकडा असतो तिथं. टॉर्चमध्ये तिथं नखाच्या कडेएवढी रेघ चमकते. आट्यांचे फोटो काढले, सगळे माथे साफ आहेत.

आता पिस्तूल पाठवायचं कसं? कुरियरवाल्याला 'पिस्तूल' म्हटलं की तो खुर्ची मागे सरकवतो.

नाशिकरोड_टेन_मीटर

काका, कुरियरच्या नादी लागू नका, स्वतः घेऊन जा. विक्रेता मुंबईचा असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मी तसंच केलं होतं. कायद्यानं ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या (जूल म्हणजे छर्ऱ्याच्या ऊर्जेचं माप) एअर वेपनला परवाना लागत नाही, आणि आपलं मॅचचं पिस्तूल पाच-सहा जूलच्या आसपास असतं. पण स्टेशनवर पिशवी तपासणाऱ्याला जूल समजावत बसण्यापेक्षा बिल, पोरीचं नेमबाजीचं ओळखपत्र आणि क्लबचं पत्र जवळ ठेवा. पिस्तूल कुलूपाच्या पेटीत, सिलिंडर पूर्ण रिकामे आणि पिस्तुलापासून सुटे. छर्रे वेगळे.

दोन्ही सिलिंडर न्या आणि त्यावरची तारीखही बघून घ्या. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे, ती सांभाळायची जबाबदारी खेळाडूची. काही वेळा नव्या पिस्तुलासोबत बरेच दिवस गोदामात पडलेला सिलिंडर येतो.

आणि स्पर्धेच्या आधी हे निस्तरून घ्याच. साठ शॉट आणि पंचाहत्तर मिनिटं, त्यात स्वतःच्या पिस्तुलाच्या बिघाडाला जादा वेळ मिळत नाही. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्तीत मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन तिनं उट्टं काढलं, पण तोपर्यंत मध्ये तीन वर्षं गेली.

ग्राहकमित्र_पंचवटी

कागदाचं मी सांगतो.

आधी बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. तुमच्या किंवा मुलीच्या नावावर असेल तर प्रश्न नाही, कारण खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच असतो. अकादमीच्या नावावर बिल असेल तर समोरचा 'व्यापारी हेतू', म्हणजे धंद्यासाठी घेतलं असं, काढून फाटे फोडू शकतो.

फोनवर बोलणं आता बंद करा. ईमेल करा. त्यात प्रत्येक वेळी सिलिंडर कधी पाठवला, कधी आला ते लिहा, चिठ्ठ्यांचे फोटो जोडा, रिंगांचे, त्या रेघेचे आणि आट्यांचे फोटो जोडा. आणि मागणी एका वाक्यात ठेवा: रिंग बदलून नको, पिस्तुलाचा सांगाडा तपासून रिंग सोलली जाण्याचं कारण लेखी द्या आणि ते दूर करा, नसेल जमत तर बदलून द्या. 'योग्य ती कार्यवाही करावी' असलं सरकारी वाक्य लिहाल तर योग्य ती कार्यवाही म्हणून आणखी एक रिंग येईल.

वॉरंटी संपायच्या आत तक्रार लेखी पोचली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुदतीत नोंदवलेला दोष दुरुस्तीला वेळ लागला म्हणून मुदतीबाहेर जात नाही. पिस्तूल हातात देताना जॉबकार्ड, म्हणजे दुरुस्तीची पावती, घ्या, त्यावर पिस्तुलाचा नंबर आणि 'तक्रार: सिलिंडर बसतो त्या भोकातील धार' असं त्यांच्याच माणसाकडून लिहून घ्या. नुसतं 'लीकेज' लिहिलं तर सही करू नका.

नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते, मुंबईला खेटे नकोत. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असंही नाही.

पण मला नाही वाटत तिथवर जाईल. फोटो चांगले आहेत.

देवळाली_आर्मोरर

एक जोडतो. रिंगांची ती डबी त्यांच्या हातात देऊ नका. दाखवा आणि परत खिशात टाका. एखादी मागितली तर सगळ्यात कमी खराब झालेली द्या.

आणि तिथं गेल्यावर त्यांच्यासमोर नवी रिंग घालून सिलिंडर वीस-पंचवीस वेळा काढून-घालून दाखवायला सांगा. सिलिंडर रिकामाच असू द्या, सोलायला दाब लागत नाही. मग तीच रिंग भिंगाखाली. त्यानंतर हवेच्या ओलाव्याचं कोणी बोलणार नाही. अर्थात ओलाव्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. हातपंपानं पावसाळ्यात भरलेल्या हवेत पाणी जातं, त्यानं आतली झडप आणि दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर खराब होतो. रेंजच्या मोठ्या टाकीवरूनच भरा. पण पाणी रबर सोलत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार

मंडळी, मुंबईला जाऊन आलो. पोरीला नेलं नाही, चाचणी परीक्षा चालू आहे.

काउंटरवरचा मुलगा सवयीनं रिंगेचं पाकीट काढायला लागला. मी फोटो दाखवले, जॉबकार्डचं वाक्य सांगितलं, तर त्यानं आतून एका वयस्कर मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी आर्मोरर काकांचा प्रयोग न करताच नुसतं बोट आत घालून फिरवलं आणि म्हणाले, 'आहे.' एवढंच. मग कार्डावर त्यांनीच मराठीत लिहिलं, 'आट्याखाली धार, रिंग कापते.' सही, तारीख, पिस्तुलाचा नंबर, सगळं. ते म्हणतात इथं घासून देता येईल, पण ते कंपनीला कळवून त्यांच्या संमतीनं करतील, नाहीतर सांगाडा बदलून मागवतील. तीन-चार आठवडे सांगितलेत. ईमेलवर लेखी द्या म्हटलं, संध्याकाळी मी कल्याण सोडायच्या आत मेल आला. रिंगांची डबी खिशात परत आली आहे.

आता नवा घोळ. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे. कोचसर त्यांचं जुनं पिस्तूल द्यायला तयार आहेत, त्याच कंपनीचं, पण ग्रिप, म्हणजे मूठ, मोठ्या हाताची आहे आणि पोरीचं मनगट त्यात डुगडुगतं. नाशिकमध्ये कोणाकडं उजव्या हाताची लहान मापाची ग्रिप महिनाभरासाठी मिळेल का? भाडं देतो, नाहीतर घरची द्राक्षं पोच करतो.

नाशिकरोड_टेन_मीटर

काका, माझी जुनी लहान ग्रिप पडून आहे. त्याच कंपनीची असली तरी मॉडेल बघावं लागेल, स्क्रूची जागा बदलते. सरांच्या पिस्तुलाचा ग्रिप काढून फोटो टाका. थोडी कानस मारलीय मी अंगठ्यापाशी, पोरीला चालेल का बघा. द्राक्षं चालतील.